सहाशे चारचा होकार

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत आणि जवळजवळ तितकीच ड्रिल मशीनं. प्रत्येक मशीन वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी मखर ठोकायला, दहा मिनिटं चालतं आणि पुन्हा माळ्यावर जातं. माझं तर तेवढंही चालत नाही. आणल्याच्या पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या भिंतीत भोक पाडलं, ते थेट पाण्याच्या पाइपात. खालच्यांच्या आमटीत पाणी पडलं. तेव्हापासून ड्रिल माळ्यावर आहे आणि त्याची सगळी बिटं बायकोने स्वतःच्या कपाटात, दागिन्यांच्या शेजारी, कुलपात ठेवली आहेत.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने प्लंबरचा नंबर जपून ठेवला असता. मी अ‍ॅप बनवायला घेतलं. माझी नोकरी सॉफ्टवेअरची, काम घरून, त्यामुळे साहेबांच्या वेळेत सोसायटीचं कल्याण करायला वाव होता. कल्पना अशी की शिडी, ड्रिल, मोठं इडलीपात्र, नेब्युलायझर, घरोघरी पडून असलेलं सगळं एका यादीत यावं. ज्याला हवं त्याने विनंती टाकावी, ज्याच्याकडे आहे त्याने मंजूर करावी. अ‍ॅपचं नाव मी फार कौतुकाने ठेवलं होतं. ते इथे सांगत नाही, बायको अजून हसते.

"तुझ्याकडे देण्यासारखं काय आहे रे?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"व्यायामाची सायकल."

"तिच्यावर टॉवेल वाळत असतात."

"मग टॉवेल काढून देऊ."

दिवाळीच्या सुट्टीत मी दारोदार फिरून कागदी फॉर्म भरून घेतले. लोकांनी फार जपून लिहिलं. एकाने 'छत्री (जुनी)' एवढंच. फक्त सहाशे चारमधल्या काकांनी फॉर्मच्या दोन्ही बाजू भरल्या आणि वर एक जादा कागद टाचला. काका मरोळच्या एका कारखान्यात जन्मभर टूलरूम सांभाळून निवृत्त झालेले. घरात एकतीस अवजारं, सगळी नंबरवार. बोलायचे मात्र अजिबात नाहीत. अ‍ॅप चालतं का बघायला मी ते पहिल्यांदा त्यांच्याच फोनमध्ये टाकलं. "बघू," ते म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

जानेवारीत काका झोपेतच गेले. मी खांदा दिला होता. काकू भांडुपला लेकीकडे राहायला गेल्या आणि सहाशे चारला कुलूप लागलं.

मार्चमध्ये एका रविवारी, टीव्हीवर मॅच लावून, मी फॉर्मचा गठ्ठा कॉम्प्युटरवर चढवला. फॉर्मवर फक्त फ्लॅटचा नंबर होता. एकतीस अवजारं टाइप करताना मनात आलंसुद्धा, काय सुंदर अक्षर आहे! ज्याचं ते अक्षर, त्याला आपण दोन महिन्यांपूर्वी खांदा दिलाय, हे काही मनात आलं नाही. मी गेल्यावर माझ्याबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली, तर बायको म्हणते, ती एवढं एकच सांगणार आहे.

पाडव्याला अ‍ॅप सुरू केलं. पहिल्या आठवड्यातच कळलं की मागायला सगळे तयार आहेत. नकार मात्र पाच मिनिटांत यायचा. 'घरात वापर चालू आहे.' 'बिघडलंय.' 'सासूबाईंना विचारून सांगते.' एकच फ्लॅट असा होता की कोणाला कधी नाही म्हणत नव्हता. पाना, पक्कड, करवत, मागाल ते मंजूर. मी माझ्या पडद्यावर बघायचो, ६०४, ६०४, ६०४, आणि खूश व्हायचो. आदर्श सभासद म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सत्कार करावा, असा मजकूरसुद्धा लिहून ठेवला होता. तुम्ही म्हणाल, तेव्हाही नाही आठवलं? नाही आठवलं. माझ्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, आकडा होता.

मग दुसऱ्या मजल्यावर नव्याने भाड्याने आलेल्या शिक्षिकेने अ‍ॅपमध्ये अभिप्राय लिहिला. दुपारची अडीचची वेळ, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू. तिने लिहिलं होतं: 'सहाशे चारच्या काकांचे आभार (नाव पाटीवर वाचलं). पडद्याचा रॉड लावायचा आहे म्हटलं, तर ड्रिलला चिठ्ठीच बांधून दिली. पश्चिमेच्या भिंती भुसभुशीत आहेत, सहा नंबरचे बिट वापरावे, घाई नको. भेटायला दोनदा गेले, दोन्हीदा दाराला कुलूप. काका घरी कमी असतात वाटतं.'

"तुला बरं वाटत नाहीये का?" पडद्यातून साहेबांनी विचारलं.

मी कॅमेरा बंद केला आणि जिन्याने सहाव्या मजल्यावर गेलो. लिफ्टने का गेलो नाही, ते सांगता येणार नाही. लिफ्टमध्ये आरसा आहे, हे एक कारण असेल.

सहाव्यावरची बाकी तिन्ही बिऱ्हाडं नोकरीवाली. दुपारी तिथे कोणी नसतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, फरशीवर जाळीची सावली, आणि कुठल्याशा बंद दाराआड फ्रिज घुर्र करून थांबला, तेवढाच आवाज. सहाशे चारला कुलूप होतं. मी ते ओढून बघितलं. पाटीवर धूळ होती, चौकटीवर धूळ होती. दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर मात्र धूळ नव्हती. तिथे कोणीतरी स्वच्छ फडकं मारलेलं होतं, आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता.

खाली येऊन वॉचमनला विचारलं, वर कोण येतं-जातं?

"सहाव्यावर? साहेब, ते बंद आहे ना," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा काळजीने बघत राहिला.

बायकोला सांगितलं. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"मग आता तूच मागून बघ काहीतरी."

"मी?"

"अ‍ॅप कोणाचं आहे?"

मी घडीची शिडी मागितली. कारण लिहिलं, पंखा पुसायचा आहे. तीन वाजून दहा मिनिटांनी विनंती गेली. रात्रभर काही नाही. दुसऱ्या दिवशी मी सोफ्यावर फोन समोर ठेवून बसलो होतो. बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला: '६०४ ने विनंती मंजूर केली आहे.' एक मिनिट पुढे नाही, मागे नाही. पाच वाजता वर जाऊन बघतो, तर बंद दाराला टेकून शिडी उभी. तिला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्याच सुंदर अक्षरात: 'तिसरी पायरी ढिली. वजन बघून चढावे.'

माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे. मी शिडीला हात न लावता खाली आलो.

"आणलीस?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग पंखा?"

"पंखा राहू दे गं."

"शिडी तुझ्या खात्यावर लागली ना आता? मग उद्या नेऊन द्यायचीय कोणाला, ते बघ," ती म्हणाली आणि स्वतः जाऊन शिडी घेऊन आली. पंखाही तिनेच पुसला. तिसऱ्या पायरीवर पाय न ठेवता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिडी परत दाराला टेकवून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत शिडी आत गेलेली होती. कुलूप तसंच.

मग मी ठरवलं की बघायचंच. पाणसळ मागितली, म्हणजे फळी सरळ लागली का ते बघायची बुडबुड्याची पट्टी. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला मंजुरी आली आणि मी लॅपटॉप घेऊन सहाव्या-सातव्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसलो. मीटिंग चालू, माइक बंद. तासाभराने लिफ्ट थांबली. दार सरकल्याचा आवाज, मग पावलं. अगदी हळू, एकेका पावलामध्ये विश्रांती घेत येणारी. मग किल्ली. मी डोळे मिटून घेतले होते, हे कबूल करतो.

"जिन्यात का बसलायस रे? वीज गेलीय का तुमच्याकडे?"

काकू होत्या. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. भांडुपहून दोन बस बदलून आल्या होत्या. बसस्टॉप मागच्या बाजूला, म्हणून मागच्या गेटने. वॉचमनला ते गेट माहीत आहे की नाही, मला शंका आहे.

मला इतकं हसू आलं की पायरीवरून उठताच येईना. "काकू, तुम्ही देता होय वस्तू! मला वाटलं..."

"मी कसली देतेय?" काकूंनी कुलूप काढलं. "त्यांनी हो म्हटलं की मी फक्त आणून ठेवते."

"कोणी?"

"कोणी काय? ह्यांनी." त्यांनी पिशवीतून काकांचा फोन काढला. "आधी विचारणा येते. मी फोन ह्यांच्या फोटोपुढे ठेवते, हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर येतं. एक दिवस घेतात. घाई कधी केली ह्यांनी?"

माझं हसू तिथेच थांबलं.

आत पडदे ओढलेले होते. हॉलच्या लांब भिंतीवर काकांनी काळ्या रंगाने प्रत्येक अवजाराची आकृती काढली होती, हातोडीच्या जागी हातोडीची सावली, करवतीच्या जागी करवतीची. प्रत्येक अवजाराला त्यांनी लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आधीपासूनच बांधलेली होती. कारखान्यात असंच असतं, काकू म्हणाल्या. एक नजर टाकली की कुठली वस्तू जागेवर नाही ते कळतं. आणि जो वस्तू नेतो, त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खिळ्यावर टांगायचा, ती परत येईपर्यंत. खिळ्याखाली एक डबा होता. त्यात आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांचे बिल्ले होते, नंबर ठोकलेले, काठ घासून गुळगुळीत केलेले.

"शेवटच्या आठवड्यात हेच करत बसले होते," काकू म्हणाल्या. "रोज चार-चार. सगळे झाले, आणि मग गेले."

त्यांनी माझा बिल्ला शोधला आणि पाणसळीच्या काळ्या सावलीवर टांगला. अंधाऱ्या भिंतीवर तेवढं एक पितळ चमकत होतं. मी पाणसळ घेऊन घरी आलो. कसा आलो, आठवत नाही.

घरी येऊन मी अ‍ॅपचा प्रोग्रॅम उघडला. बरोबर एक दिवस, हे माझ्या डोक्यात घुमत होतं. सापडायला दोन मिनिटं लागली.

इथे एक सांगितलं पाहिजे. अ‍ॅपच्या आधी तीन वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीची सगळी विद्या एका वाक्यात असते. सभेत ठराव वाचायचा, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचं, पाच सेकंद पंख्याचा आवाज ऐकायचा आणि इतिवृत्तात लिहायचं, 'कोणाचाही आक्षेप नसल्याने ठराव सर्वानुमते मंजूर.' पाण्याची टाकी, गेटचा रंग, लिफ्टचा आरसा, सगळं असंच झालं. तीन वर्षांत कोणी तोंडाने 'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. तीच सवय मी अ‍ॅपमध्ये घातली होती आणि विसरून गेलो होतो. विनंतीला चोवीस तास उत्तर आलं नाही, तर आक्षेप नाही असं समजून मंजूर. बाकीची बिऱ्हाडं पाच मिनिटांत नाही म्हणत होती, म्हणून त्या ओळीची वेळच कधी आली नव्हती. सबंध इमारतीत गप्प राहणारा एकच सभासद होता.

"सांग काकूंना," बायको म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं."

दोन आठवडे गेले. काकू उन्हातान्हात येत राहिल्या. मी वर जाऊन चहा पिऊन यायचो आणि न सांगताच उतरायचो. काकू आधीपेक्षा बऱ्या दिसत होत्या, हे मी स्वतःला कारण म्हणून सांगायचो. खरं कारण भित्रेपणा.

मग काकूंच्या लेकीचा फोन आला. भांडुपचं घर लहान, काकू हॉलमध्ये सोफ्यावर झोपतात. इथला फ्लॅट विकून आईसाठी एक खोली जास्त असलेलं घर घ्यायचं, असा तिचा बेत होता. गिऱ्हाईक तयार होतं.

"पण आई सही करत नाहीये," ती म्हणाली. "म्हणते, बाबांना विचारल्याशिवाय नाही. तुमच्या त्या अ‍ॅपमुळे. तुम्ही बाबांचं खातं बंद करा ना, प्लीज. एकटी पडली तिथे, चक्कर आली, तर कोण बघणार?"

मी म्हटलं, करतो. ती काही दुष्ट नव्हती, तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या रात्री मी खातं बंद केलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच वर बोलावलं होतं.

काकू अवजारांच्या भिंतीसमोर खुर्चीवर बसल्या होत्या. "तुझ्या फोनवरून एक विनंती टाक. वस्तूच्या जागी लिही, घर. कारण, लेक विकायचं म्हणते. मला उत्तर मिळालं की मी सही करते."

"काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला इथेच राहायचंय रे. पण मला कोण विचारतंय? ह्यांनी हो म्हटलं, तर मी जाईन. टाक."

आणि मी टाकली. त्यांच्या डोळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही. सकाळचे साडेअकरा वाजले होते. उद्या साडेअकराला काय उत्तर येणार, ते मला आत्ताच माहीत होतं.

दिवसभर मी ती ओळ उघडून बसलो. बदलायला दोन शब्द पुरे. गप्प राहिल्यास मंजूर, याच्या जागी गप्प राहिल्यास नामंजूर. पण मग उद्या काका माझ्या तोंडून नाही म्हणणार होते, आणि न बदलता ठेवली तर माझ्या तोंडून हो. कुठूनही गेलो तरी मेलेल्या माणसाच्या जागी मीच बसलेला. खांदा देताना वाटलं नव्हतं इतकं ते ओझं जड झालं.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी वर गेलो. काकूंनी भांडुपहून आणलेल्या काकांच्या फोटोपुढे फोन ठेवलेला होता. काकूंनी आज चांगली साडी नेसली होती. 

"काकू, ते काका नाहीत," मी दारातच म्हटलं. एकदम म्हटलं, नाहीतर पुन्हा चहा पिऊन उतरलो असतो. "माझा प्रोग्रॅम आहे. एक दिवस कोणी बोललं नाही, की तो आपोआप मंजूर लिहितो."

काकूंनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तू हो म्हणत होतास?"

"मी पण नाही."

"मग कोण?"

"कोणीच नाही, काकू. कोणीच हो म्हणत नव्हतं."

हे वाक्य त्या खोलीत कसं ऐकू आलं, ते मी विसरणार नाही. भिंतीवरच्या सगळ्या काळ्या आकृत्या एकदम रिकाम्या दिसायला लागल्या. अवजारं जागेवर होती, तरी.

काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "दोन बस बदलून येत होते मी."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"दोन आठवडे."

"मूर्ख आहेस."

"हो, काकू."

त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला. "वाजले किती?"

"अकरा वीस."

"म्हणजे अजून दहा मिनिटं कोणी काहीच बोललं नाही, तर माझं घर गेलं?"

"अ‍ॅपमध्ये तरी."

"ह्यात नाही कुठे म्हणायचं?"

मी बटण दाखवलं. मधले दोन महिने त्यांनी त्या फोनला उत्तरासाठी बोट लावलं नव्हतं. त्यांनी बोट पुसलं, वर धरलं, आणि थांबल्या. "ह्यांच्या नावाने जाईल का हे?"

"नाव नाही जात. फक्त फ्लॅटचा नंबर जातो."

"मग बरोबर आहे. सहाशे चारमध्ये मी पण राहते," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

माझ्या खिशातला फोन थरथरला. '६०४ ने विनंती नाकारली आहे.' समोर घडलेलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तरी अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या दिवसांत त्या बंद दाराआडून कोणी खरोखर बोललं, ते हे पहिल्यांदा.

दुपारी लेकीचा फोन आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे ती. मला वाटलं, खातं का बंद केलं नाही म्हणून झापणार.  तिने आवाज खाली आणून विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

मला क्षणभर कळेना की हे कोण विचारतंय.

"बाबा काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं. "आई नाही म्हणाली."

  मागे कुठेतरी तिच्या ऑफिसातला प्रिंटर चालला होता, तो थांबला.

"स्वतः म्हणाली?"

"स्वतः. बटण दाबून."

"मग शनिवारी तिचे कपडे आणून देते," ती म्हणाली. "आणि त्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला हवा. तुम्हाला ड्रिल चालवता येतं का?"

"नाही," मी म्हटलं.